मागल्या आंसाचें दुखणें

सह्याद्रीच्या पायथ्याशीं वसलेल्या कर्जत व खालापूर ह्या रायगड जिल्ह्यांतील तालुक्यांत पिकअप मोटार ही आजच्या शेतकऱ्याची बैलगाडीच होय. दूध, भाजी, विटा, भाताच्या गोण्या, सारें तिच्याच पाठीवर. अशी गाडी एके दिवशीं खोपोलीहून वर चढणाऱ्या बोरघाटांत मागच्या बाजूनें घरघर करूं लागते, आणि कारागीर निदान सांगतो, ‘डिफरन्शियल गेलें.’ दुरुस्तीचा खर्च मोठा. त्यांत भाडें बुडतें आणि पतपेढीचा हप्ता मात्र थांबत नाहीं. मालकाचा संताप मोटार बनविणारावर, नाहीं तर कारागिरावर निघतो. तो रास्त कीं अन्याय्य, हें ठरविण्यापूर्वीं ह्या यंत्राचें कार्य समजून घेणें अवश्य आहे.

वळण घेतांना बाहेरच्या चाकाला आंतल्यापेक्षां अधिक वाट चालावी लागते. दोन चाकांत १.४ मीटर अंतर असेल, तर घाटांतील एका पूर्ण उलट्या वळणांत हा फरक सुमारें ४.४ मीटर भरतो. दोन्ही चाकें एकाच अखंड दांड्याला जखडलेलीं असतीं, तर त्यांतील एकाला फरफटत जावें लागलें असतें. फ्रान्समधील घड्याळजी ओनेसिफोर पेकर यानें १८२७-२८ च्या सुमारास वाफेच्या गाडीसाठीं ही अडचण दंतचक्रांच्या योजनेनें सोडविली. आजच्या मोटारींत इंजिनाकडून येणारा दांडा पिनियन नांवाचें लहान चक्र फिरवितो, तें क्राऊन नांवाचें मोठें चक्र फिरवितें, आणि क्राऊनबरोबर फिरणाऱ्या पेटींतील छोटीं चक्रें दोन्ही चाकांना आपआपल्या गतीनें फिरूं देतात. पिनियनला ९ व क्राऊनला ४१ दांते असल्यास दांड्याचे सुमारें साडेचार फेरे झाल्यावर चाक एकदां फिरतें. वेग घटतो, जोर वाढतो, आणि तो सारा जोर मोजक्याच दांत्यांवर तोललेला असतो.

हे दांते एकमेकांवर नुसते लोळत नाहींत, घसरतातही. म्हणून त्यांना इंजिनचें साधें तेल चालत नाहीं. प्रचंड दाबाखालीं थर टिकविणारें गिअर-तेलच लागतें. येथील पावसाळा त्या तेलाचा वैरी आहे. धावून तापलेली गाडी ओढ्याच्या पाण्यांत उतरली, कीं आंसाच्या पेटाऱ्यांतील हवा एकदम आक्रसते आणि हवेच्या छिद्रांतून किंवा जुनाट सीलमधून पाणी आंत ओढलें जातें. तेल दुधासारखें पांढुरकें होतें व बेअरिंगें गंजतात. एक चाक चिखलांत रुतून गरगर फिरत असतां पाय दाबून ठेवणें त्याहून घातक. पेटींतील छोटीं चक्रें अशा वेळीं तापून आपल्या खिळीलाच चिकटतात. मापापेक्षां जास्त ओझें, किंवा मागें एक नवें व एक झिजलेलें टायर, हींही तशींच कारणें.

तथापि सारा दोष मालकाचाच असें नाहीं. क्राऊन व पिनियन ही जोडी एकत्र घासून जुळविलेली असते. खर्च वाचविण्यासाठीं एकच चक्र बदललें, किंवा दोहोंतील अंतर पातळ चकत्यांनीं नीट साधलें नाहीं, तर तीच गाडी कांहीं महिन्यांत पुन्हा दारांत येते. जुळणी पाहण्याचा उपाय सोपा आहे: दांत्यांना रंग फांसून चक्र फिरवावें; स्पर्शाचा ठसा दांत्याच्या मधोमध उमटला पाहिजे. मालकानें तो ठसा पाहावयास मागावा आणि कामाची लेखी नोंद व काढलेले जुने भाग जवळ ठेवावे. केवळ स्वतःच्या उदरनिर्वाहासाठीं स्वतः गाडी चालविणारा मालक २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यान्वयें ग्राहकच ठरतो. सदोष माल वा सेवा ह्यांविरुद्ध त्याला दोन वर्षांच्या आंत जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करतां येते. तेथें संताप नव्हे, कागद बोलतो.

हें यंत्र सहसा न सांगतां मरत नाहीं. जोर दिल्यावर बारीक कण्हणें आणि पाय काढतांच स्वर पालटणें, हें बहुधा क्राऊन-पिनियनचें दुखणें. केवळ वळणावर येणारी घरघर बहुधा छोट्या चक्रांची. गाडी हलतांना होणारा ‘खट्ट’ आवाज वाढलेल्या फटीचा. पावसाळा संपतांच तेलाचें बूच काढून रंग पाहावा, लोखंडाचा कीस आहे काय तेंही तपासावें. बैलाच्या खुरांत खडा रुतला तर शेतकऱ्याला तें त्याच्या चालीवरूनच कळे. मोटारीची चालही तितक्याच कान देऊन ऐकली, तर भरल्या गाडीसह घाटांत रात्र काढण्याचे बरेचसे प्रसंग टळतील.