परदेश प्रवासात ड्रोन

परदेश प्रवासात स्वतःचा ड्रोन सोबत नेणाऱ्या पर्यटकास तीन स्वतंत्र नियमव्यवस्थांना सामोरे जावे लागते : विमान कंपनीचे सामानविषयक नियम, संबंधित देशाचे आयात व सीमाशुल्क नियम आणि त्या देशाचे उड्डाणनियम. यांपैकी एकाची पूर्तता केल्याने दुसऱ्यातून सूट मिळत नाही.

पार्श्वभूमी

७ डिसेंबर १९४४ रोजी शिकागो येथे झालेल्या आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक कराराच्या पहिल्याच अनुच्छेदाने प्रत्येक देशाचे आपल्या हवाई क्षेत्रावरील संपूर्ण सार्वभौमत्व मान्य केले. वैमानिकाविना उडणारे विमान परक्या देशावरून नेण्यास त्या देशाची खास परवानगी लागते, असे आठवा अनुच्छेद सांगतो. खिशात मावणारे ड्रोन तेव्हा कल्पनेतही नव्हते. मात्र सर्व देशांत चालेल असा ड्रोन-परवाना आजही नसण्याचे मूळ या सार्वभौमत्वात आहे.

वजनाची मर्यादा

२५० ग्रॅमपेक्षा हलक्या ड्रोनला कोठेही नोंदणी लागत नाही, हा समज व्यापक आणि चुकीचा आहे. भारत, अमेरिका व युरोपीय संघ यांच्या नियमांत हा आकडा येतो, म्हणूनच उत्पादक २४९ ग्रॅमचे ड्रोन बनवतात. परंतु त्याचा अर्थ सर्वत्र सारखा नाही. युरोपीय संघात ३१ डिसेंबर २०२० पासून समान नियम लागू आहेत. तेथे ड्रोन खेळणे म्हणून प्रमाणित नसेल आणि त्यावर कॅमेरा असेल, तर वजन कितीही कमी असले तरी चालकाची नोंदणी आवश्यक ठरते. पर्यटकाने ती ज्या सदस्य देशात प्रथम उड्डाण करावयाचे आहे तेथे करावयाची असते. मग ती इतर सदस्य देशांतही चालते. परवानगीविना १२० मीटरपेक्षा उंच जाता येत नाही व ड्रोन नजरेआड करता येत नाही. निषिद्ध क्षेत्रे मात्र प्रत्येक देश स्वतः ठरवतो, त्यामुळे सीमा ओलांडली की नकाशा पुन्हा पाहावा लागतो.

जपानमध्ये पूर्वी २०० ग्रॅमची मर्यादा होती आणि एका उत्पादकाने त्या बाजारासाठी १९९ ग्रॅमचा ड्रोन काढला होता. २० जून २०२२ पासून १०० ग्रॅम व त्याहून जड ड्रोनची नोंदणी तेथे सक्तीची झाली आणि ती युक्ती निरुपयोगी ठरली.

बॅटरी

सुट्या लिथियम बॅटऱ्या केवळ हातातील सामानात नेता येतात. १०० ते १६० वॉट-तास क्षमतेसाठी विमान कंपनीची संमती लागते. त्यापुढील बॅटरी प्रवाशास नेताच येत नाही.

प्रवेशबंदी व शिक्षा

काही देशांत प्रश्न उडवण्याचा नसून बाळगण्याचा असतो. मोरोक्कोत परवानगीविना आणलेला ड्रोन सीमाशुल्क अधिकारी ताब्यात घेतात. परतीचा प्रवास दुसऱ्या विमानतळावरून असल्यास तो सोडवून घेणे जिकिरीचे होते. इजिप्तमध्ये २०१७ च्या कायद्यानुसार आयात, बाळगणे व वापर या तिन्हींसाठी संरक्षण मंत्रालयाची परवानगी लागते.

म्यानमारमध्ये २०१७ साली संसदेजवळ ड्रोन उडवू पाहणाऱ्या परदेशी पत्रकारांना दोन महिन्यांचा कारावास झाला, तो १९३४ च्या विमान कायद्याखाली. हा कायदा झाला तेव्हा ब्रह्मदेश ब्रिटिश हिंदुस्थानाचाच भाग होता. इराणमध्ये २०२० साली तुर्कमेनिस्तानच्या सीमेजवळ ड्रोनने छायाचित्रण केल्यावरून अटक झालेल्या एका फ्रेंच पर्यटकास पुढे हेरगिरीच्या आरोपाखाली आठ वर्षांहून अधिक शिक्षा सुनावली गेली. त्याची सुटका २०२३ मध्ये झाली. सीमाभाग, लष्करी ठाणी व शासकीय इमारती यांजवळ हौस आणि हेरगिरी यांतील फरक पर्यटकाच्या हेतूवरून ठरत नाही.

भारतात परतताना

भारतीय प्रवाशाचे लक्ष जाण्याकडे असते, पण अडचण पुष्कळदा परतताना येते. ९ फेब्रुवारी २०२२ च्या अधिसूचनेद्वारे विदेश व्यापार महासंचालनालयाने तयार किंवा सुट्या भागांच्या संचाच्या रूपातील ड्रोनची आयात प्रतिबंधित केली. संशोधन व विकास, संरक्षण आणि सुरक्षा यांपुरते त्यास अपवाद आहेत. त्यांत पर्यटक नाही. त्यामुळे दुबई किंवा सिंगापूर येथे स्वस्त मिळाला म्हणून घेतलेला ड्रोन मुंबई विमानतळावर जप्त होऊ शकतो. शुल्क भरण्याची तयारी असली तरी त्याने बंदी टळत नाही. भारतातूनच नेलेल्या ड्रोनसाठी निघताना, सामान विमान कंपनीकडे सोपवण्यापूर्वी, सीमाशुल्क अधिकाऱ्याकडून निर्यात प्रमाणपत्र घेता येते. त्यात अनुक्रमांक नोंदवून घेतल्यास परतताना तीच वस्तू असल्याचा पुरावा हाती राहतो.