जुन्या काचेच्या बाटलीची परीक्षा

केज तालुक्यातील नांदूरघाट १९४८ पर्यंत निजामाच्या अमलाखाली होते. तेथील जुन्या वाड्यात औषधाची वा गोटी-सोड्याची बाटली निघाल्यास पुढील खुणा पाहाव्यात.

• वर्ण : वाळूतील लोहांशाने काच हिरवट होते, कोबाल्टाने गर्द निळी, आणि हिरवट छटा घालविण्यासाठी मँगनीज मिसळलेली काच वर्षानुवर्षे उन्हात राहिल्यास फिकट जांभळी होते. हीच जांभळी छटा कृत्रिम किरणोत्साराने आणता येते. म्हणून अतिगडद जांभळी बाटली संशयास्पद.

• काल : साच्याची शिवण ओठाच्या कडेवरून गेली असल्यास बाटली यंत्रनिर्मित, बहुधा विसाव्या शतकातील, मानेशीच थांबल्यास ओठ हाताने घडविलेला. गोटीच्या बाटलीचे पेटंट हायरम कॉडचे, १८७२.

• स्थिती : ओठाचा टवका, तडा, हरवलेली गोटी, जमिनीतील ओलीने चढलेला दुधी थर. तड्याने मोल सर्वाधिक घटते.

• मोल : दुर्मीळ रंग व उठावाची अक्षरे यांना मागणी अधिक. देशी काचेचे एक जुने ठिकाण तळेगाव दाभाडे : पैसा फंड काच कारखाना, १९०८.

• कायदा : शंभर वर्षांहून जुना पुरावशेष खाजगी व्यक्तीस परदेशी नेण्यास १९७२ च्या कायद्याने मनाई आहे.