सरावलेला हात आणि सावध मन

अंबरनाथ-बदलापूरच्या मुलखांत जांभूळ नांवाचें एक गांव आहे. जवळून उल्हास नदी वाहते. या गांवाच्या शिवारांत बसून कोणी हौशी चित्रकार समोरचें जांभळाचें झाड रेखाटूं लागला आहे, अशी क्षणभर कल्पना करावी. पांच मिनिटांत कागदावर झाड उतरतें : खोड सरळ, फांद्या दोन्ही बाजूंस सारख्या, वर पानांचा गोल घुमट. झाड सुबक असतें, पण समोरचें नसतें. समोरच्या झाडाचें खोड कमरेएवढ्या उंचीवरच दुभंगलेलें असेल, एखादी फांदी वाळून गेली असेल, पानांच्या दाटींतून आकाशाचे तुकडे दिसत असतील. यांतलें कागदावर कांहींच आलेलें नाहीं. डोळे झाडाकडे होते खरे, परंतु हात शाळेंत गिरविलेलें झाडच काढीत होता.

हीच तक्रार लेखकाची असते, गवयाची असते, दारांत रोज रांगोळी घालणाऱ्या गृहिणीचीही असते. पहिलीं कांहीं वर्षें हात वळत नाहीं म्हणून दुःख. पुढें हात इतका वळतो कीं तो दुसरीकडे वळेनासा होतो. कथा लिहावयास बसावें आणि चौथ्या ओळींतच मागच्या दहा कथांतला पाऊस पडूं लागावा, हा अनुभव पुष्कळांस आहे. कसब वाढत जातें आणि कृति मात्र निर्जीव होत जाते. ज्याचें पोट किंवा ज्याचा जीव त्या कलेवर आहे, त्याला हें दुखणें लहान नव्हे.

सवय मुळांतच वाईट, असें मात्र समजूं नये. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्स यानें १८९० सालीं प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथांत सवयीवर एक संबंध प्रकरण लिहिलें आहे. रोजचीं कामें जितकीं आपोआप होतील तितकें मन वरच्या कामासाठीं मोकळें राहतें, असा त्याचा अभिप्राय. तबलजीला प्रत्येक बोलास बोट कोठें ठेवावें याचा विचार करावा लागला, तर ठेका चालावयाचाच नाहीं. अडचण येते ती सवय चाकरी सोडून धनीण होते तेव्हां. आणि ती धनीण झाली हें कळतही नाहीं, ही खरी मेख आहे.

याचें एक सुंदर प्रत्यंतर लचिन्स नांवाच्या मानसशास्त्रज्ञानें १९४२ सालीं प्रसिद्ध केलें. श्रोत्यांनीं तें घरींच करून पाहावें. तीन भांडीं आहेत असें समजा : एकांत २१ शेर पाणी मावतें, दुसऱ्यांत १२७ आणि तिसऱ्यांत ३. बरोबर १०० शेर पाणी मोजून द्यावयाचें आहे. मोठें भांडें भरावें, त्यांतून २१ काढावे, मग दोन वेळां ३ काढावे; राहिले १०० शेर. अशींच चार-पांच उदाहरणें ओळीनें सोडविलीं कीं रीत हातांत बसते. नंतर भांडीं द्यावीं २३, ४९ आणि ३ शेरांचीं, आणि मागावे २० शेर. बहुतेक जण ४९ मधून २३ वजा करतात, पुन्हा दोनदां ३ वजा करतात आणि उत्तर बरोबर आल्याच्या समाधानांत पुढें जातात. वास्तविक २३ मधून ३ काढले कीं काम झालें! ज्यांना आधींचीं उदाहरणें दिलेलीं नसतात, त्यांना ही सोपी वाट सहज दिसते. म्हणजे अडथळा बुद्धीचा नाहीं, वहिवाटीचा आहे.

लचिन्सनें आणखी एक गंमत केली. कांहीं जणांना वाटेंतच थांबवून, ‘आंधळे होऊं नका’ अशा अर्थाचें एक वाक्य त्यांच्याच हातानें कागदावर लिहावयास लावलें. एवढ्यानेंच त्यांतल्या पुष्कळांना सोपी वाट दिसूं लागली. त्यांना नवी रीत कोणी शिकविली नव्हती; क्षणभर थांबविलें होतें, इतकेंच. पुढें २०१२ सालीं ग्रीनबर्ग, रायनर आणि मैरन या इस्रायली संशोधकांनीं हीच भांड्यांची परीक्षा अवधानाचा अभ्यास केलेल्या लोकांना दिली. तेव्हां जुन्या रीतीला चिकटून राहण्याचें प्रमाण त्यांच्यांत कमी आढळलें.

हल्लीं या अभ्यासाला ‘माइंडफुलनेस’ असें इंग्रजी नांव सर्वत्र चालतें. मूळ शब्द पाली भाषेंतला ‘सति’, म्हणजे संस्कृतांतील ‘स्मृति’. मराठींत त्याला ‘अवधान’ हा जुना आणि घरचा शब्द आहे. ज्ञानेश्वरांनीं नवव्या अध्यायाच्या आरंभीं श्रोत्यांकडे मागितलें तें हेंच. जें घडत आहे तें घडत असतांनाच जाणणें आणि लगेच बरें-वाईट ठरविण्याची घाई न करणें, एवढाच त्याचा अर्थ. कल्याणहून कसाऱ्याच्या वाटेनें घाट चढून गेलें कीं इगतपुरी लागते. तेथें सत्यनारायण गोएंका यांनीं स्थापिलेलें विपश्यनेचें केंद्र १९७६ पासून चालूं आहे. तेथील दहा दिवसांच्या शिबिरांत लिहिणें-वाचणेंही वर्ज्य असतें. कोणी नव्या कादंबरीचें कथानक सुचावें म्हणून तेथें जात असेल, तर त्यानें आधींच समजून असावें कीं अवधान हें कल्पना पुरविणारें दुकान नव्हे. हात आपोआप कोठें चालूं लागतो तेवढें तें दाखवितें.

हें कलेच्या प्रांतांत कसें घडतें याचें मोठें उदाहरण कुमार गंधर्वांच्या आयुष्यांत सांपडतें. बेळगांवजवळ सुळेभावी येथें ८ एप्रिल १९२४ रोजीं जन्मलेला हा मुलगा मोठमोठ्या गवयांच्या ध्वनिमुद्रिका ऐकून त्या जशाच्या तशा गाऊन दाखवी. श्रोते थक्क होत. परंतु ही नक्कल होती, आणि टाळ्यांनीं पक्की झालेली नक्कल ही सर्वांत चिवट सवय असते. मुंबईस प्रा. बी. आर. देवधर यांनीं त्यांना अनेक घराण्यांचें गाणें तपासून पाहावयास शिकविलें, तेथें ही गांठ सैल होऊं लागली असावी. १९४७ सालीं विवाह झाला आणि पाठोपाठ क्षयाचें निदान झालें. १९४८ च्या जानेवारींत ते कोरड्या हवेसाठीं माळव्यांत देवासला गेले. गाण्यास सक्त मनाई होती. पंचविशीही न गांठलेल्या गवयास पुन्हा गातां येईल कीं नाहीं, किंबहुना जगतां येईल कीं नाहीं, हेंच ठाऊक नव्हतें.

पुढचीं पांच वर्षें त्यांनीं अंथरुणावरून ऐकण्यांत घालविलीं. बायकांचीं लग्नांतलीं आणि सणावारांचीं गाणीं, फिरत्या भिक्षेकऱ्यांचीं निर्गुणी भजनें कानांवर पडत. येथें एक बारकावा ध्यानांत घेण्याजोगा आहे. गवई दुसऱ्याचें गाणें ऐकतो तेव्हां त्याचा गळा मनांतल्या मनांत साथ करीत असतो. ऐकलेला सूर तो तत्काळ आपल्या ओळखीच्या तानेंत बसवून टाकतो. कुमारांना ती मुभाच राहिली नव्हती. सूर येई आणि जसा आला तसाच राही. एखादी धून अमुक रागासारखी आहे असें म्हणून ती निकालांत न काढतां, ती कोठें वळते आणि कोणत्या सुरावर थांबते हें त्यांनीं ऐकलें. स्ट्रेप्टोमायसीन या नव्या औषधानें प्रकृति सांवरली आणि १९५३ पासून ते पुन्हा मैफलींत बसूं लागले. त्या धुनांतूनच त्यांचे मालवती, लगनगंधार, संजारी यांसारखे धुनउगम राग निघाले. १९६५ सालीं ‘अनूपरागविलास’ हें त्यांच्या बंदिशींचें पुस्तकही निघालें. एक फुप्फुस जवळजवळ निकामी झालें होतें. त्यांच्या गाण्यांतील आंखूड, टोकदार स्वरवाक्यांचें कारण कांहीं जाणकार तेथेंच शोधतात. तें असेलही, पण दम कमी पडला म्हणून कोणास नवा राग सुचत नाहीं. जुन्या परंपरेच्या पुष्कळांना त्यांचें गाणें रुचलें नाहीं, हेंही सांगितलें पाहिजे.

लहानपणीं हुबेहूब नक्कल करणाऱ्या याच गायकानें पुढें बालगंधर्वांचीं पदें गाण्याचा कार्यक्रम केला. त्याचें नांव त्यांनीं ‘मला उमजलेले बालगंधर्व’ असें ठेविलें. त्यांतील ‘उमजलेले’ हा शब्द तोलून पाहावा.

आजारानें लादलेलें मौन कोणाच्या वांट्यास येऊं नये. पण तें बुद्ध्या पत्करणाराही एक कलावंत त्याच १९२४ सालीं, नागपुरास, एका गोमंतकीय कुटुंबांत जन्मला : चित्रकार वासुदेव गायतोंडे. झेन विचाराची त्यांना ओढ होती. कोऱ्या फलकापुढें ते दीर्घ काळ नुसते बसत. वर्षाकांठीं त्यांचीं पांच-सहाच चित्रें होत. पुढें त्यांनीं कुंचला बराचसा बाजूस ठेवून रूळ आणि रंगाची पट्टी हातीं घेतली. कुंचल्याला हाताचीं वळणें पाठ असतात. रूळ तीं जाणत नाहीं.

घरगुती लेखक-चित्रकारानें देवास गांठण्याचें कारण नाहीं. आपल्या मागील दहा लेखांचीं पहिलीं वाक्यें एका कागदावर उतरून काढावींत. खोड कोठें आहे हें लाजेनेंच कळून येतें. पुढच्या वेळीं तेंच वाक्य लेखणीशीं आलें कीं तें खोडूं नये आणि लिहूंही नये. समासांत एक टिंब द्यावें, दोन-चार श्वास जाऊं द्यावेत आणि पाहावें. आपोआप चालणाऱ्या हाताची एक खूण असते : त्याचा वेग एकाएकीं वाढतो आणि बरें वाटूं लागतें. तो क्षण पकडावयाचा. थांबल्यावर पुष्कळदां जुनेंच वाक्य योग्य ठरतें, तेव्हां तें खुशाल ठेवावें. दर वेळीं कांहीं तरी निराळें केलेंच पाहिजे, असा हट्ट धरणारे कलावंत हल्लीं फार झाले आहेत. तीही एक सवयच, आणि तिच्यांत पहिलीइतकें कसबही नसतें. मात्र हें सारें सरावाच्या वेळीं करावें. भर मैफलींत प्रत्येक स्वराची झडती घेणारा गवई अडखळेल.

जांभळाच्या झाडासाठीं तर एक फार जुना उपाय आहे. निकोलाइडीस या अमेरिकन चित्रशिक्षकाच्या १९४१ सालीं प्रसिद्ध झालेल्या पुस्तकांत तो सांगितला आहे. कागदाकडे मुळींच पाहावयाचें नाहीं. दृष्टि झाडाच्या कडेवरून मुंगीसारखी चालवावयाची, आणि ती चालेल त्याच गतीनें, तितकीच हळू, पेन्सिल चालवावयाची. पाव तासानें कागद पाहिला तर रेघा एकमेकींवर चढलेल्या असतात, फांदी खोडाला सोडून भलतीकडेच उगवलेली असते. पण खोड दुभंगतें त्या ठिकाणचा वांक मात्र बरोबर आलेला असतो.