जुना माणूस सापडला. आता जुनी वही उघडा

कापडाच्या धंद्यात भांडवल दोन प्रकारचे असते. एक तिजोरीतले, दुसरे ओळखीचे. पहिले बुडाले तर दुसऱ्याच्या जोरावर माणूस पुन्हा उभा राहतो. ओळखच तुटली तर भरलेले गोदामही पडून राहते.

आपल्या लोकांची ही ओळख अनेकदा तुटली. १९८४ च्या भिवंडीच्या आणि १९९२-९३ च्या मुंबईच्या दंगलीत कित्येकांनी मोहल्ला सोडला, दुकान हलवले. २०२० च्या टाळेबंदीत भिवंडीचे माग थांबले आणि उत्तर प्रदेश-बिहारचे कारागीर मुलखाला गेले. त्यांतले सगळेच परतले नाहीत. कारागिराचा पत्ता म्हणजे त्याचा कारखाना. कारखाना बंद झाला की वहीत नाव राहते, माणूस हरवतो.

अशी माणसे आता मोबाइलवर सापडू लागली आहेत. फेसबुक २००६ मध्ये सर्वांसाठी खुले झाले, व्हॉट्सॲप २००९ मध्ये आले. आमच्या उर्दू शाळेच्या जुन्या मुलांचा गट झाला तेव्हा कळले की कोणी इचलकरंजीत सुताची दलाली करतो, तर कोणाचे सुरतेत साड्यांचे दुकान आहे. मात्र शोधणे सोपे नाही. अन्सारी, शेख, मोमीन ही आडनावे गावोगावी शेकडो. मोहम्मद हे एकच नाव इंग्रजीत चार तऱ्हांनी लिहितात. म्हणून नुसत्या नावावर न जाता शाळा, मोहल्ला आणि मूळ गाव यांचे गट पाहावेत. नाव उर्दू व हिंदीतही टाकून पाहावे. एक ओळखीचा भेटला की तो पुढच्या चौघांचा पत्ता देतो.

माणूस सापडताच काही व्यापारी मालाचे फोटो आणि भाव पाठवतात. तीस वर्षांनी सलाम आला आणि मागोमाग भाव आले, तर समोरचा समजतो की आठवण माझी नव्हे, ऑर्डरची झाली. आधी खैरियत विचारावी, मग जुनी वही काढावी. आपल्याकडे त्याची मजुरी, दलाली किंवा मालाची बाकी असेल तर ती आपणहून काढावी. मालाच्या उधारीचा दावा करण्याची मुदत साधारण ३ वर्षांची असते. ती टळली तरी देणे पुसले जात नाही. ते फेडीन असे सही करून लिहून दिल्यास १८७२ च्या करार कायद्याच्या कलम २५ नुसार ते वचन बंधनकारक ठरते. इमानाच्या वहीत तर मुदतच नाही. उलट आपले येणे असेल तर ते गटात चारचौघांसमोर मागू नये. एकट्याला फोन करावा.

सावधगिरीही हवी. दुसऱ्याचा फोटो आणि नाव लावून खोटे खाते उघडणारे बरेच आहेत. सापडलेला दोस्त दोन दिवसांत पैसे किंवा उधार माल मागू लागला तर प्रत्यक्ष बोलावे आणि त्यालाच ठाऊक असेल अशी जुनी गोष्ट विचारावी. मालाचा व्यवहार असेल तर त्याचा जीएसटी क्रमांक सरकारी संकेतस्थळावर तपासावा. खरा दोस्त यात राग मानणार नाही. फसवणूक झालीच तर वेळ न घालवता १९३० या क्रमांकावर तक्रार करावी.

व्यापारी बांधवांनी या महिन्यात जुन्या वहीतली पाच नावे काढून शोध सुरू करावा. ज्यांचे आपण देणे लागतो, ती नावे आधी घ्यावीत.