आटत्या तळ्याचा हिशेब

मे महिना संपत आला की वर्ध्याच्या उन्हात तळ्याचं पाणी दिवसाला साधारण सेंटीमीटरभर खाली जातं. ऐकायला हे काहीच वाटत नाही. पण तळं एक हेक्टरचं असेल तर पाण्याचा तेवढा पातळ थर म्हणजे 100 घनमीटर, म्हणजेच एक लाख लिटर पाणी. जल जीवन मिशनमध्ये माणशी दिवसाला 55 लिटर धरतात. त्या मापाने अठराशे माणसांचं पाणी एका लहानशा तळ्यातून ऊन रोज उचलून नेतं.

आता काठाकडे बघू. दर 50 मीटरला एक मीटर असा उतार असेल, तर पातळी सेंटीमीटरभर उतरली की अर्धा मीटर चिखल उघडा पडतो. वीस दिवसांत दहा मीटर. पिपरी मेघेच्या आसपासचे गावतलाव, पवनारला खडकांमधल्या डोहांत उरलेली धाम नदी, सेलू तालुक्यातल्या बोर व्याघ्र प्रकल्पाचा जलाशय, सगळीकडे उन्हाळ्याच्या शेवटी हा ओला पट्टा तयार होतो. आपण म्हणतो, तलाव आटला. पक्ष्यांसाठी मात्र त्याच वेळी ताट वाढलेलं असतं, कारण अशा चिखलात चौरस मीटरला हजारो अळ्या आणि किडे सापडू शकतात. डबक्यात कोंडलेल्या मासोळ्यांवर बगळे आणि करकोचे तुटून पडतात, शेकाटे लांब लाल पायांनी उथळ पाणी पालथं घालतात.

याच चिखलावर एप्रिल-मेपर्यंत छोटा टिलवा हा पाहुणा पक्षी चरत असतो. त्याचं वजन साधारण 25 ग्रॅम, म्हणजे दहा रुपयांची तीनेक नाणी. निघण्यापूर्वी तो चरबी साठवून दीडपट जड होऊ शकतो. त्याचं माहेर उत्तर ध्रुवाजवळच्या टुंड्रात, 70 अंश अक्षांशाच्याही वर. वर्धा आहे पावणेएकवीस अंशांवर. मधले निदान पन्नास अंश, अंशाला 111 किलोमीटर, म्हणजे सरळ रेषेतसुद्धा साडेपाच हजार किलोमीटर. ताशी 55 किलोमीटर वेग धरला तरी पंख शंभर तास हलत राहायला हवेत. तिथे पोचल्यावर मादी चार अंडी घालते. कधी लगेच दुसरी चार घालते, तेव्हा एका घरट्यावर नर बसतो आणि दुसऱ्यावर ती स्वतः. टुंड्राचा उन्हाळा जेमतेम दोन महिन्यांचा, म्हणून सगळी घाई. ऑगस्टमध्ये, आपल्याकडे पावसाची झड सुरू असतानाच, हे पक्षी परतू लागतात.

हिवाळ्यात आपल्या तलावांवर येणारे पट्टकादंब हंस तर मे संपेपर्यंत हिमालय ओलांडून गेलेले असतात. शास्त्रज्ञांनी यंत्रं लावून नोंदवलेली त्यांची सर्वात जास्त उंची आहे 7,290 मीटर. तिथे समुद्रसपाटीच्या मानाने चाळीस टक्क्यांच्या आसपासच प्राणवायू मिळतो. काही हंसांनी सात-आठ तासांत चार ते सहा हजार मीटर चढण पंख मारत पार केली आहे.

हे पाहुणे गेले म्हणून तळं ओस पडत नाही. जूनच्या तोंडावर नैर्ऋत्य वाऱ्यांबरोबर अरबी समुद्रावरून चातक येतो. आणि त्याआधीपासून काठावर सर्वात अवघड काम चाललेलं असतं, ते टिटवीचं.

टिटवीचं घरटं म्हणजे जमिनीतला उथळ खळगा. भोवती खडे, कधी बकरीच्या लेंड्या. त्यात मातीच्या रंगाची, काळ्या ठिपक्यांची चार अंडी. हवा 45 अंशांवर असते, उघडी जमीन त्याहून कितीतरी जास्त तापते. अंडं चाळिशीच्या फार वर बराच वेळ राहिलं तर आतला जीव दगावतो. म्हणून भर दुपारी टिटवी उबवत नाही, सावली धरते. पाय किंचित ताठ करून, पंख सैल सोडून ती अंड्यांवर उभी राहते. मग पाण्याकडे जाते, पोटाची पिसं बुडवून चिंब करते, परत येते आणि ओलं पोट अंड्यांना लावते. हे सगळं साधारण 28 दिवस. नर आणि मादी पाळी बदलत राहतात. पाणी जवळ असेल तरच हे जमतं, म्हणून घरटं पुष्कळदा याच उघड्या पडलेल्या पट्ट्यात किंवा लगतच्या माळावर असतं. कंठेरी चिखल्याही अशाच उघड्या जागी अंडी घालतो.

नेमक्या याच दिवसांत तलावात जेसीबी उतरतो. 2017 मध्ये राज्यात ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजना सुरू झाली आणि ती हवीच आहे. गाळ निघाला तर पाणी मुरतं, शेताला सुपीक माती मिळते, आणि हे काम पाऊस लागण्याआधीच करावं लागतं. पण बादलीच्या एका फेऱ्यात चार अंडी मातीबरोबर टिप्परमध्ये जातात, चालकाला कळतही नाही.

यावर उपाय अगदी सोपा आहे. मशीन लावण्याच्या आदल्या दिवशी सकाळी गावातल्या दोघांनी काठाने सावकाश फिरावं. टिटवी आरडाओरडा करत डोक्यावर घिरट्या घालू लागली की घरटं जवळच आहे असं समजावं आणि दुरूनच, अंड्यांना हात न लावता, जागा हेरावी. भोवती दहा मीटर त्रिज्येचं वर्तुळ सोडलं तर ते सुमारे 314 चौरस मीटर भरतं, एक हेक्टर तलावाचा जेमतेम तिसावा भाग. काम दुसऱ्या टोकापासून सुरू करावं आणि हा तुकडा सगळ्यात शेवटी घ्यावा. पिल्लं अंड्यातून बाहेर पडली की काही तासांत स्वतःच्या पायांनी चालायला लागतात, मग ती जागाही मोकळी होते. एवढं केलं तर गाळाचं काम थांबत नाही आणि टिटवीचे 28 दिवसही वाया जात नाहीत.