सत्रारंभ आणि उपासनेची वेळ

महाविद्यालयाचे नवे सत्र सुरू झाले की, विद्यार्थी प्रथम उतरवून घेतो ते वेळापत्रक. व्याख्याने कोणत्या तासाला, प्रयोगशाळा कोणत्या वारी, ग्रंथालय किती वाजेपर्यंत उघडे, हे सारे पहिल्या आठवड्यातच ठरून जाते. सत्रपद्धतीत अध्यापनाचे दिवस सुमारे ९०; चाचण्या आणि प्रकल्प तेवढ्यातच उरकावयाचे. घर सोडून वसतिगृहात आलेल्या ख्रिस्ती विद्यार्थ्याच्या वेळापत्रकात प्रार्थनेला मात्र क्वचितच जागा मिळते. घरी आईवडिलांच्या हाकेसरशी ती होत असे. येथे हाक मारणारे कोणी नसते. अभ्यास मार्गी लागला की सवड काढू, असे तो मनाशी म्हणतो. परीक्षा येऊन जाते, सवड काही येत नाही.

ही अडचण आजची नव्हे. इ. स. १७२९ मध्ये ऑक्सफर्डच्या क्राइस्ट चर्च महाविद्यालयात चार्ल्स वेस्ली या तरुणाने तिच्यावर साधा उपाय योजिला. विद्यापीठाने घालून दिलेली अध्ययनाची रीत नेमाने पाळावयाची आणि दर आठवड्यास प्रभुभोजनाच्या विधीस जावयाचे, असे ठरवून त्याने दोनतीन सोबती मिळविले. त्याच वर्षी त्याचे वडील बंधू जॉन वेस्ली ऑक्सफर्डला परतले व या मंडळाचे धुरीण झाले. सायंकाळी एकत्र बसून ग्रीक भाषेतील नवा करार वाचावा, बुधवारी व शुक्रवारी उपवास करावा, वेळ कसा गेला याची रोजनिशीत नोंद ठेवावी, असा त्यांचा क्रम असे. इतर विद्यार्थी त्यांची टवाळी करीत. 'मेथडिस्ट', म्हणजे पद्धतीने चालणारे, हे नावही थट्टेतूनच पडले. पुढे तेच एका मोठ्या पंथाचे नाव झाले.

अध्ययन आणि उपासना ही एकमेकांच्या वाटणीवर डोळा ठेवणारी भावंडे आहेत, असे या तरुणांनी मानले नाही. एकाच नियमात दोहोंना स्थान होते. शिवाय राखलेला वेळ त्यांनी केवळ स्वतःसाठी खर्चिला नाही. विल्यम मॉर्गन या सोबत्याच्या आग्रहावरून १७३० च्या ऑगस्टपासून ते ऑक्सफर्डच्या तुरुंगातील कैद्यांना भेटू लागले.

तथापि एवढ्याने सारे साधले असे नाही. इतकी वर्षे नियम पाळूनही जॉन वेस्ली यांच्या मनाला शांती लाभली नव्हती. ख्रिस्तावरील विश्वासाची खरी प्रतीती त्यांना २४ मे १७३८ रोजी लंडनमधील एका सभेत आली. मग आधीचे नियम व्यर्थ होते काय? शेतकरी नांगरट करतो, पाऊस पाडीत नाही. पण नांगरट न केलेल्या जमिनीवरचा पाऊस वाहून जातो. नियमाचे मोल तेवढेच आहे, आणि ते थोडेही नाही.

म्हणून मुंबईत असो, नागपुरात असो की दूर दिल्लीत, विद्यार्थ्याने हा निर्णय पहिल्याच आठवड्यात घ्यावा. व्याख्यानांपूर्वीची पंधरा मिनिटे शास्त्रपाठासाठी, रविवारची सकाळ उपासनेसाठी, आणि आठवड्यातील एखादी घटका आजारी वा एकाकी सहाध्यायासाठी. एखाददुसरा सोबती मिळाल्यास उत्तम. कारण एकट्याचा नियम पहिल्या चाचणीतच मोडतो. एखादा दिवस चुकला तरी खंत करीत बसू नये. दुसऱ्या दिवशी पुन्हा बसावे. उरलेल्या वेळेत श्रद्धा जोपासू म्हणणाऱ्याच्या हाती वेळ उरत नाही. आरंभीच बाजूला काढलेला वेळ तेवढा आपला असतो.