पोट दुखतंय, रिपोर्ट नॉर्मल

शिरूर तालुक्यातल्या निमोण्यासारख्या गावात आठ-नऊ वर्षांच्या पोराचं पोट वारंवार दुखायला लागलं, की पुढचा क्रम बहुतेक ठरलेला असतो. आधी ओवा-हिंग, मग आजीनं काढलेली दृष्ट, मग 'बेंबी सरकली' म्हणून कुणाकडून तरी पोट चोळून घेणं. त्यानंतर जवळचा डॉक्टर, शिरूरला सोनोग्राफी, आणि तरी गुण आला नाही तर नगर रस्त्यानं पुणं. दर ठिकाणी नवा डॉक्टर, नव्या तपासण्या, नवं औषध. काही महिन्यांत घरात पिशवीभर कागद जमतात. सगळं नॉर्मल असतं, आणि पोर सकाळी पुन्हा पोट धरून बसलेलं असतं.

अशी पोरं दुर्मीळ नाहीत. ब्रिस्टॉलचे बालरोगतज्ज्ञ जॉन अ‍ॅपली यांनी १९५८ मध्ये शाळेतली १००० मुलं पाहिली. तीन महिन्यांत निदान तीनदा, रोजचे उद्योग थांबावेत इतकं पोट दुखलेली मुलं दहात एक निघाली. अशा १०० मुलांच्या कसून तपासण्या केल्या, तेव्हा शारीरिक आजार फक्त ८ जणांत सापडला. आज तपासण्या कितीतरी सूक्ष्म झाल्या, तरी चित्र फारसं पालटलेलं नाही. दोन महिने किंवा जास्त, महिन्यातून निदान चारदा दुखतं आणि दुसरा कोणताही आजार त्याचा उलगडा करत नाही, अशा पोटदुखीला डॉक्टर 'फंक्शनल' म्हणतात.

हे ऐकलं की घरातलं कुणीतरी म्हणतं, "म्हणजे नाटक करतोय." तसं नाही. आतड्याच्या भिंतीत नसांचं स्वतःचं मोठं जाळं आहे आणि ते मेंदूशी सतत बोलत असतं. एरवी गॅस सरकला, अन्न पुढे गेलं, तर आपल्याला पत्ताही लागत नाही. काही मुलांत, विशेषतः जुलाबाचा एखादा मोठा आजार होऊन गेल्यावर, या नसा हळव्या होतात. माईकचा आवाज वाढवून ठेवावा तसं होतं. बोलणारा हळूच बोलतो, पण भोंगा कर्कश वाजतो. कळ खरीच असते. भीती, अपुरी झोप, परीक्षा, घरातली भांडणं यांनी तो आवाज आणखी वाढतो. म्हणून सोमवारी सकाळीच दुखतं, एवढ्यावरून ते खोटं ठरत नाही.

पण त्या आठ टक्क्यांतलं मूल निसटू नये, यासाठी काही गोष्टी नीट बघाव्या लागतात. वजन घटणं किंवा उंची खुंटणं, शौचातून रक्त, पुन्हापुन्हा किंवा हिरवी उलटी, रेंगाळणारा ताप, झोपेतून उठवणारं दुखणं किंवा रात्रीचे जुलाब, गिळायला त्रास, सांधे सुजणं, तोंडात सतत फोड, घरात कुणाला क्षय. दुखणं बेंबीपाशी नसून एका बाजूला, खास करून उजवीकडे असणं. बेंबीपासून जितकं लांब दुखतं तितका शारीरिक आजाराचा संशय जास्त, हे अ‍ॅपलींचं निरीक्षण आजही डॉक्टर वापरतात.

या सगळ्यांत मला सर्वांत मोलाचं वाटतं ते वजन, आणि नेमकी त्याचीच नोंद घरात नसते. सहा वर्षांपर्यंत अंगणवाडीत मूल वजनकाट्यावर चढतं. पुढे ही सवय तुटते. महाराष्ट्रात पालघरहून २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात आरोग्य पथकानं वर्षातून एकदा शाळेत येऊन मुलं तपासायची असतात. त्या दिवशी पोराला घरी ठेवू नका आणि पोटाचं दुखणं पथकाला सांगा. पाच वर्षांनंतर वयात येईपर्यंत मूल वर्षाला साधारण २ ते ३ किलो आणि ५ ते ६ सेंटिमीटर वाढतं. महिन्यातून एकदा, एकाच काट्यावर वजन करून लिहून ठेवलं, तर ती ओळ महागड्या स्कॅनपेक्षा जास्त सांगून जाते.

आता पिशवीतले कागद. सोनोग्राफीत 'पोटात गाठी' लिहून आलं की घरात रडारड सुरू होते. आतड्याजवळच्या या लसिका ग्रंथी निरोगी मुलांतही दिसतात. ८ मिलिमीटरपेक्षा कमी जाडीच्या असतील आणि मूल वाढत असेल, तर सहसा त्यांचा काही अर्थ नसतो. केवळ त्यांच्यावरून क्षयाची औषधं सुरू करण्याची घाई होत असेल, तर 'पुरावा काय' हे विचारायचा आईबापांना पूर्ण हक्क आहे. तीच गत विडाल चाचणीची. १८९६ सालची ही चाचणी जुन्या संसर्गानं किंवा लसीनंही पॉझिटिव्ह येते. ताप नसलेल्या पोटदुखीत तिच्यावरून टायफॉईड ठरवणं चूक आहे.

गव्हाचं मात्र वेगळं. गव्हातल्या ग्लुटेनमुळे होणाऱ्या सिलिअ‍ॅक आजाराची रक्तचाचणी मूल गहू खात असतानाच करायची असते. 'चपाती बंद करून बघू' हा प्रयोग आधी केला तर चाचणी फसते. ज्या घरात मुख्यतः बाजरीची भाकरी होते, तिथे मूल गहू किती खातं हे डॉक्टरला आवर्जून सांगावं. दुधाचं उलट आहे. दोन आठवडे बंद करून फरक पाहायला हरकत नाही. पण नंतर ते पुन्हा सुरू करून पाहायचं, नाहीतर काहीच सिद्ध होत नाही आणि पोराचं दूध फुकट तुटतं.

सर्वांत जास्त हुलकावणी देतं ते बद्धकोष्ठ. "संडासला रोज जातो की," असं आई सांगते, पण पोर घाईत बसून अर्धवट उठलेलं असतं. शाळेतलं शौचालय घाण असलं की मुलं दिवसभर दाबून धरतात. शी आतच सुकते, खडा होतो, बाहेर येताना दुखतं, मग मूल आणखी धरून ठेवतं. आतडं ताणत जातं आणि काही दिवसांनी खड्याच्या बाजूनं पातळ शी झिरपून चड्डीला लागते. घरचे त्याला जुलाब समजतात आणि बंद करायचं औषध देतात. याहून वाईट उपाय नाही. इथे डॉक्टर आधी साठलेलं मोकळं करतात, मग शी मऊ ठेवणारी पॉलिइथिलीन ग्लायकॉलची पावडर काही महिने चालू ठेवतात. तिची सवय लागेल या भीतीनं पंधरा दिवसांत ती बंद करणं हेच आजार उलटण्याचं नेहमीचं कारण असतं. जेवणानंतर आतडं आपोआप हलतं, म्हणून जेवल्यावर पाच-दहा मिनिटं बसवायचं. कमोड असेल तर पायाखाली पाट द्यायचा. रागवायचं नाही.

जंतांची गोळी, अल्बेन्डाझोल, साधारण १० फेब्रुवारी आणि १० ऑगस्टच्या सुमारास अंगणवाडीत आणि शाळेत मिळते. ती चुकवू नये. पण जिआर्डिया हा पाण्यातून येणारा परजीवी त्या एका गोळीनं जाईलच असं नाही. पोट फुगतं, शी पातळ आणि तेलकट होते असं दिसलं, तर शौचाची तपासणी वेगवेगळ्या दिवशी करून घ्यावी.

ओव्याला, शेकाला, आजीच्या हाताला विरोध करायचं कारण नाही. पोट जोरात चोळणं वाईट. अपेंडिक्स सुजलेलं असेल तर ते जिवावर बेततं. मेळघाटात तान्ह्या बाळांच्या फुगलेल्या पोटाला तापल्या विळ्यानं चटके दिल्याच्या बातम्या अजून येतात, हा त्याच वाटेवरचा शेवटचा टप्पा.

डॉक्टर एकच धरावा. त्याच्याकडे जाण्याआधी दोन-तीन आठवडे वहीत लिहावं: कधी दुखलं, पोरानं एका बोटानं कुठे दाखवलं, काय खाल्लं, शी कशी झाली, झोप किती, शाळा होती की सुट्टी. ही नोंद आईनं गुपचूप करावी. पोराला उठता-बसता "दुखतंय का?" विचारलं, की त्याचंही सगळं लक्ष पोटातच अडकतं.

आजार सापडला नाही, तरी उपचार असतात. विचार आणि सवयी बदलायला शिकवणारं समुपदेशन आणि पोटाकडे लक्ष देऊन केलेलं संमोहन यांचा मुलांना फायदा होतो असं अभ्यासांत दिसलं आहे. शिरूरकडे असा तज्ज्ञ मिळणं अवघड. पण सावकाश श्वास घ्यायला कुणीही शिकवू शकतं, आणि मनाच्या ताणाबद्दल टेलिमानसच्या १४४१६ या क्रमांकावर फुकट बोलता येतं.

शाळा सोडू देऊ नये. पूर्ण दिवस झेपत नसेल तर अर्धा दिवस. कळ आली तर थोडं आडवं होऊन पुन्हा वर्गात, हे गुरुजींशी आधी ठरवून ठेवावं. बहुतेक मुलांचं दुखणं कमी होत जातं, काहींचं वर्षानुवर्षं रेंगाळतं. म्हणून डॉक्टरची पुढची तारीख दुखण्यावर अवलंबून ठेवू नये. महिन्या-दीड महिन्यानं, बरं असतानाही, वही आणि वजन घेऊन जावं. पोट दगडासारखं कडक झालं, हिरवी उलटी झाली, किंवा बेंबीपाशी सुरू झालेलं दुखणं काही तासांत उजवीकडे खाली सरकून तिथेच ठाण मांडून बसलं, तर मात्र तारखेची वाट न पाहता रुग्णवाहिकेसाठी १०८ला फोन करावा. ती येईपर्यंत पोराला काही खायला-प्यायला देऊ नये.